डबलबारी आणि पुढचे दोन दात

२३ नोव्हेंबर, रविवार

भजनाचे गजर लिहायच्या वहीची मागची पानं कोरी पडली होती, ती आजपासून यासाठी घेतली. कारण जे झालंय ते कुणाला सांगायची सोय नाही. मंजुळेला सांगितलं तर ती डॉक्टर म्हणेल. बायको आहे, दुसरं काय म्हणणार. रामनाथला सांगितलं तर उद्या दुपारपर्यंत अख्ख्या नाहूरला कळेल. रामनाथ आमच्या भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज वाजवतोय. हात सोन्याचा, तोंड फाटकं.

झालं असं, की सकाळी रियाजाला 'दत्त दिगंबर' म्हणताना जीभ वरच्या पुढच्या दाताला टेकली आणि दात हलला. मी थांबलो. पुन्हा म्हटलं. पुन्हा हलला. शेजारचाही हलतो की काय म्हणून बोटाने बघितलं, तर तोही जरा हलतो.

आणि हे आत्ता! माघी गणपतीची डबलबारी ठरून आठ दिवस झाले नाहीत. बावीस जानेवारी, संध्याकाळी पाच. समोर धाकू बुवा. एक फेरी त्याची, एक माझी, आणि शेवटी गजरातून, टोमण्यांच्या कडव्यांनी, एकमेकांची चामडी सोलायची. अकरा वर्षांनी तो माझ्यासमोर बसायला तयार झाला. अकरा वर्षं काही ना काही सबब सांगून टाळत होता. घाबरतो, दुसरं काय. पण माझा एक शब्द जरी बोबडा पडला, तरी तो जागेवर त्याचा गजर करील, आणि मग माझं नाव कणकवलीपर्यंत बोळका बुवा. अडतीस वर्षं लोक मला एकाच गोष्टीसाठी बोलावतात. माझा शब्द शेवटच्या रांगेत स्वच्छ पोचतो. तो गेला तर मी कोण? कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेला एक म्हातारा.

२६ नोव्हेंबर

रामनाथला कळलंच. मी रियाजात 'दत्त' टाळून सगळीकडे 'विठ्ठल' घालत होतो, ते त्याने दोन मिनिटांत पकडलं.

"तोंड उघड," म्हणाला. उघडलं. "रगात येता?"

"उजवीकडे येतं. म्हणून तर चार वर्षं त्या बाजूला ब्रश लावत नाही."

"बरोबर करतंस. रगात येता थंय घासतलंस तर ता भरतला कसा? जखम कोण खाजवता काय?"

एवढं तरी शहाणपणाचं बोलला. मंजुळा मात्र म्हणते, घासत नाही म्हणूनच रक्त येत असेल. म्हणजे उलटी गंगा. स्वतः जन्मभर मशेरी लावणारी बाई मला दात शिकवते!

आमच्या घराण्यात पन्नाशीनंतर दात राहतच नाहीत, हेही तिला सांगितलं. वडिलांचे गेले, काकांचे गेले. माझे एकसष्टपर्यंत टिकले हा माझा नियम आणि संयम. तरी बावीस जानेवारीपर्यंत टिकायलाच हवेत. पुढे काय ते बघू.

२ डिसेंबर

घसा फार कोरडा पडतोय. हवाच खराब, त्याला आपण काय करणार. खडीसाखर वाढवली. बुवांनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गाणाऱ्याने खडा गालात धरायचा, चावायचा नाही, हळूहळू विरघळू द्यायचा. मी अडतीस वर्षं उजव्या गालात धरतो. डाव्या बाजूला कधी नाही, पेटीवर डावीकडे वाकून गातो ना, खडा घशात जातो. आता दिवसाला दहा-बारा होतात. पाणीही भरपूर पितो. त्यामुळे रात्री तीनदा उठावं लागतं, पण पाणी प्यायचं तर उठायलाही हवं.

एक चांगली गोष्ट लिहून ठेवतो. पोट उतरलं. पँटला दोन भोकं आत पट्टा लागतो. मंजुळा म्हणते, "सुकलात तुमी." मी म्हणालो, रियाजाने चरबी झडते. तिला कौतुक म्हणून नाहीच.

५ डिसेंबर

गेलो एकदाचा. मंजुळेने चहा बंद करायची धमकी दिली म्हणून गेलो. स्टेशनजवळची दातांची डॉक्टर, शर्मिष्ठा नाव. वय असेल अठ्ठावीस-तीस. माझी पेटी तिच्यापेक्षा म्हातारी आहे.

खुर्चीत आडवं केलं आणि एक बारीक, खुणा केलेली काडी हिरडीत घालून खोली मोजू लागली. बाजूला एक मुलगी लिहून घेत होती. "तीन, चार, सहा. सात, सात, आठ. सात, आठ, नऊ." मी सवयीने मांडीवर बोटं धरली, पण कुठल्याच तालात बसेना. चांगल्या हिरडीला दोन-तीन असतात म्हणे. मग आठ-नऊ म्हणजे चांगलं की वाईट, हे मी विचारलं नाही, कारण तिने चेहरा असा केला होता की उत्तर आधीच मिळालं.

"काका, दुखतं?"

"अजिबात नाही. म्हणजे तसं काही नसणारच."

"हिरडीचं दुखणं दुखत नाही, हाच तर घोळ आहे. दुखायला लागेपर्यंत हाड गेलेलं असतं. आधी साफ करू."

साफ! हे मला ठाऊक होतंच. आमचा झांजवाला निलेश असाच साफ करायला गेला आणि दातांत फटी घेऊन आला. तिथे घट्ट बसलेला थर दात धरून ठेवतो, तो खरवडला की दात मोकळे. मी तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्या फटी आधीच होत्या काका, घाणीने बुजल्या होत्या. घाण दात धरत नाही, हाड खाते." बोलायला पटापट येतं या मुलांना.

आणि कहर म्हणजे शेवटी चिठ्ठी दिली रक्ताची. साखर तपासा म्हणे! मी दात दाखवायला गेलो होतो. उद्या चप्पल शिवायला गेलो तर चांभार छातीचा फोटो मागेल. सगळी लॅबवाल्यांची साखळी आहे. चिठ्ठी खिशात घातली आणि निघालो.

९ डिसेंबर

रामनाथची औषधं. रविवारी मीठ आणि हळद. सोमवारी लवंगेचं तेल. आज दुखायलाही लागलं म्हणून त्याने सांगितलं, दुखायची गोळी गिळायची नाही, पोटात गेली की वाया जाते. चुरून दुखतं तिथेच दाबून ठेवायची. ठेवली. तासाभराने हिरडी पांढरी झाली आणि जीभ लावली तर कातडं निघालं.

रामनाथला फोन केला. म्हणाला, "म्हंजे लागू पडला. वायट ता बाहेर पडता." याला कधीतरी मी पखवाजात कोंबीन.

धाकूचं एक रेकॉर्डिंग मिळालं, गेल्या महिन्यातलं. चकित झालो. माणूस शब्द खातोय! 'ज्ञानदेव' म्हणतो की 'न्यानेव' ते त्याचं त्यालाच ठाऊक. एवढा माज आला की शब्द उच्चारायचेही कष्ट नकोत? लगेच गजर बांधला.

शब्द अर्धे गिळतो बुवा, अर्धे उरती ओठांत,
अभंग कळे त्यालाच, जो बसला त्याच्या पोटात.

झकास झालाय. एवढ्या त्रासात तेवढंच बरं वाटलं.

१५ डिसेंबर

गाल सुजला. रियाज बंद. रामनाथ म्हणतो दात काढू नको, वरच्या दाताची नस डोळ्याला जाते. त्याच्या आतेने वरचे दात काढले आणि वर्षात मोतीबिंदू झाला. आते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, पण तो मुद्दा नाही म्हणे.

मी वैतागून वेगळाच निर्णय घेतला. एकेक दाताची मिनतवारी करण्यापेक्षा सगळेच काढून टाकायचे आणि कवळी लावायची. एकदाची कटकट संपली. पांढरी शुभ्र, न हलणारी, न दुखणारी. संध्याकाळी मंजुळेबरोबर जाऊन शर्मिष्ठाबाईंना तसं सांगितलं. अक्षरशः हात जोडले.

"नाही," म्हणाली.

"तोंड माझं आहे."

"तोंड तुमचंच आहे, म्हणून नाही म्हणते. पुढचे दोन जातील, ते मी लपवत नाही. उजवीकडचा एक जाईल. बाकीचे वाचवता येतील. आणि साखर कळल्याशिवाय मी एकालाही हात लावणार नाही. ती चिठ्ठी कुठे आहे?"

मंजुळेने माझ्या शर्टाच्या खिशातून घडी काढून टेबलावर ठेवली. धुवायच्या कपड्यांत सापडली तेव्हापासून तिच्याकडे होती आणि आज सकाळी तिनेच ती परत खिशात घातली होती. बायका!

१७ डिसेंबर

उपाशीपोटी दोनशे अडुसष्ट.

१८ डिसेंबर

काल पुढे लिहवलं नाही. मुलुंडच्या साखरेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे आजचं नाही, दोनेक वर्षांचं असेल. तहान, रात्री उठणं, वजन उतरणं, एकेक बोट मोडून दाखवलं. मी प्रत्येकाला कारण देत होतो. हवा, पाणी, रियाज. मंजुळा शेजारी बसून माझी कारणं ऐकत होती.

थोरल्या भावाचा पाय साखरेने गेला. अंगठ्यापासून सुरुवात झाली होती. मला फार भीती वाटतेय. लिहून टाकलं. आता बास.

१९ डिसेंबर

शर्मिष्ठाबाईंना रिपोर्ट दाखवला. "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही. मी तयार होतो भांडायला, सगळं वाया गेलं. साखर वाढली की हिरडी सडते आणि हिरडी सडली की साखर हलत नाही, असं दोन्हीकडून असतं म्हणे.

मग तोंडात आरसा फिरवत विचारलं, "काका, कीड फक्त उजव्या बाजूला का? डावीकडे एवढी नाही. या गालात काय ठेवता?"

"खडीसाखर. घशासाठी."

"दिवसातून किती?"

सांगितलं. तिने आरसा खाली ठेवला. शेजारून मंजुळा म्हणाली, "दहा-बारा? माका चार सांगल्यात!"

गुरूने सांगितलेली गोष्ट! मी चिडून शर्मिष्ठाबाईंना म्हणालो, तुम्ही गाता का? तुम्हाला घशातलं काय कळतं? ती म्हणाली, "गात नाही. पण गुरूंनी खडा सांगितला असेल गाण्याआधी एक. ब्रश न लावलेल्या बाजूला दिवसभर ठेवायला सांगितला होता का?" आठवून बघितलं. बुवा गायला बसताना एक खडा घ्यायचे. एकच. बाकीचे मी वाढवले. हे मी तिला सांगितलं नाही.

घरी आल्यावर मंजुळेने डबा रिकामा केला.

२९ डिसेंबर

दोनदा साफसफाई झाली. दात पडले नाहीत. उलट रक्त कमी झालं. मऊ ब्रश, हळू, हिरडीच्या कडेला तिरका धरून, असं त्या मदतनीस मुलीने मला बाहुलीच्या दातांवर शिकवलं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला. मी जोर लावून घासायचो तर ती म्हणते, "आजोबा, भांडी नाहीत ती." डाव्या बाजूच्या हिरड्या मी घासून घासून वर सरकवल्यात आणि उजव्या न घासता सडवल्यात. एकाच तोंडात दोन्ही चुका करायला अक्कल लागते.

घसा कोरडा पडत नाही हल्ली. खडा नसतानाही. हे रामनाथला सांगणार नाही.

७ जानेवारी

साखर गोळ्यांनी एकशे छत्तीस. पुढचे दोन काढले, उजवीकडचा बारीनंतर. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. आरशात बघितलं आणि मग दुखलं.

९ जानेवारी

डोळे शाबूत. बाल्कनीतून बसचा नंबर वाचतो सकाळ-संध्याकाळ. रामनाथ म्हणतो, हळूहळू जाते नजर. मी त्याला बाल्कनीतून त्याच्या शर्टावरचा आमटीचा डाग दाखवला.

१३ जानेवारी

तात्पुरते दोन दात टाळूच्या पट्टीवर बसवून मिळाले. दिसायला छान. पण गायला बसलो तर 'त' कुठे लागतो, 'द' कुठे लागतो, काही पत्ता नाही. 'स' म्हटलं की शीळ निघते. पट्टी काढून गायलो तर वारा सुटतो. दोन तास केलं. निलेश हसू दाबत होता, त्याच्या झांजाच थरथरत होत्या.

बारी रद्द करा असं सांगायला फोन हातात घेतला होता. मंजुळेने काढून घेतला. "हरलात तरी चलात," म्हणाली, "पण घरात बसून माझा डोक्या खाव नका."

आणि रामनाथ काय म्हणतो? धाकूला माझ्या दातांचं कळलंय. कसं कळलं? "मिया सहज बोललंय," म्हणे. सहज! आज तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला घराबाहेर काढलं.

१८ जानेवारी, रविवार

आज दुपारी धाकू बुवा घरी आला. एकटा. मला वाटलं चिडवायला आलाय. मी पट्टी लावून ताठ बसलो. मंजुळेने चकली ठेवली, त्याने हात लावला नाही.

"गुणाजी, एक मागूचा हा तुझ्याकडे," म्हणाला. "माझ्या दातांवर गजर करू नको."

मला काही कळेना. "तुझ्या?"

"तुका कळला असतला म्हणान इलंय. रामनाथान माका इचारल्यान, बुवा, तुमचे दात कसे, गुणाजी चौकशी करता."

मी कसली चौकशी करतोय! रामनाथचं ते 'सहज' हे होतं तर. पण मी तोंड उघडायच्या आत त्याने मंजुळेकडे वाटी मागितली, पाठ फिरवली, आणि वाटीत दोन्ही कवळ्या काढून ठेवल्या. वरची आणि खालची. त्याचा चेहरा एकदम त्याच्या बापासारखा झाला.

त्याने सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी हिरडीतून रक्त यायचं. कुणीतरी म्हणालं, सगळे काढून टाक, मोकळा हो. एका आठवड्यात सगळे काढून घेतले. तेव्हापासून माझ्यासमोर बसायची त्याला लाज वाटायची, कारण शब्द म्हटला की गुणाजी, असं लोक म्हणतात. आधी कवळी ठीक बसायची. मग जबड्याचं हाडच झिजत गेलं.

"आता खालची रवणा नाय. वरची तान घेतली की उठता. ही शेवटची बारी, गुणाजी. ती नीट होऊ दे."

शब्द खायचा माज म्हणून मी त्याच्यावर गजर बांधला होता. वही तिथेच टेबलावर, ते पान वर. मी वही उशीखाली सरकवली आणि मग, का कुणास ठाऊक, माझी पट्टी काढून त्याच्या कवळ्यांशेजारी वाटीत टाकली. मंजुळा म्हणाली, "शिरा करतंय, तो दोघांकाय चावाचो लागणा नाय. साखर घालूचंय नाय." पहिल्यांदा तो हसला.

२२ जानेवारी

आत्ताच आलो. साडेनऊला स्पीकर बंद झाला.

पहिली फेरी धाकूची. सुरुवातीची रूपावली, मग अभंग, दोन्ही चांगले झाले. गवळणीत दोनदा शब्द घसरले आणि मागून कुणीतरी हसलं. मला ऐकू आलं, त्यालाही आलं असणार. मग माझी फेरी. पट्टी लावलीच नाही. 'स'ला वारा सुटला, सुटू दिला. लोक कुजबुजले. आणि गजराची वेळ आली तेव्हा मी काल बांधलेला नवा गजर काढला. रामनाथला तालाबद्दल सांगायचं होतं म्हणून त्याच्याशी बोलणं सुरू करावं लागलं होतं, इलाज नव्हता.

रक्त येतं म्हणून सोडली घासायाची बाजू,
आता दोन गेले, बुवा, किती दात मोजू?

पुढे सगळंच घातलं. गोळी चुरून लावली ते, आतेचा मोतीबिंदू, गालातला खडा, दोनशे अडुसष्ट. रामनाथचं नाव घेऊन. पखवाजावर त्याचा हात थांबला नाही, पण कान लाल झाले. मांडव हसून हसून लोळत होता. दातांवर जे काही हसायचं होतं ते लोक माझ्यावर हसून मोकळे झाले, धाकूसाठी काही उरलं नाही. तोही हसत होता. हसताना हनुवटी हाताने घट्ट धरून होता. लोकांना वाटलं, बुवा हसू आवरतायत.

त्याच्या गजरात त्याने माझी पेटी जुनाट म्हणून सोलली, माझ्या धोतराची टर उडवली. दातांचा शब्द नाही. शेवटची चढी तान त्याने घेतली नाही. मला कळलं का ते.

२४ जानेवारी

धाकूला शर्मिष्ठाबाईंकडे घेऊन गेलो. नवी, जरा घट्ट बसणारी कवळी करता येईल, म्हणाली, पण हाड फार कमी उरलंय, तानेची खात्री देत नाही.

मग धाकूने पिशवीतून एक पितळी डबी काढली. आपल्या अंगाचं हाड कचऱ्यात कसं टाकायचं, म्हणून त्याने तेव्हा सगळे दात मागून घेतले होते. गावच्या खाडीत सोडीन, म्हणून अकरा वर्षं कपाटात. बाईंनी कागद पसरला, दात ओतले, आणि एकेक उचलून मुळापाशी बघू लागल्या. वेळ लागला. काही डावीकडे ठेवले, काही उजवीकडे. मी उजवीकडचे मोजले. चौदा.

"हे?" धाकूने विचारलं.

"काका, नुसते दात बघून पक्कं नाही सांगता येत." तिने उजवीकडचा एक उचलून दाखवला. "पण हे मी काढले नसते."

धाकू त्या चौदा दातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा तू खंय होतंस गो बाय?"

"तेव्हा मी बारावीत होते, काका."

तो हसायला गेला आणि त्याला रडू आलं. मलाही आलं. पंधरा डिसेंबरला याच खुर्चीत बसून मी तिला हात जोडले होते, सगळे काढ म्हणून. ती नाही म्हणाली तेव्हा मी तिला काय काय बोललो होतो. तिने आम्हा दोघांपुढे कापसाचा डबा सरकवला, डोळे पुसायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

निघताना मी माझी पुढची तारीख विचारली. तीन महिन्यांनी, म्हणाली. मी म्हटलं, दोन महिन्यांनी चालेल का?